बाबा होममधून दोनदा बाहेर पडले, काय करू?

फोंड्याची लेक:
बाबा ७८ वर्षांचे, डिमेन्शिया आहे, म्हापशाजवळ वृद्धांच्या एका होममध्ये ठेवलंय. आयुष्यभर कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी बस चालवली. महिन्यात दोनदा गेटबाहेर गेले, दुसऱ्यांदा पावसात बस स्टॉपवर सापडले, पायात एकच चप्पल आणि खिशात किल्ली शोधत होते, मला रडूच आवरेना. होमवाले म्हणतात बाहेरून कडी घालतो नाहीतर झोपेची गोळी वाढवतो. दोन्ही पटत नाही मला.

सिस्टर ताई:
गोळी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको, गुंगीत उठतात आणि पडतात, खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. कडी पण नको, आग लागली तर? मी अशा होममध्ये ८ वर्षं नर्स होते. आधी सांग, जातात किती वाजता?

फोंड्याची लेक:
दोन्ही वेळा चार-साडेचारला!

सिस्टर ताई:
मग ती त्यांच्या गाडीची वेळ असणार गं. शिवाय दिवस कलायला लागला की या पेशंटची घालमेल वाढतेच, आणि नेमकी तेव्हाच स्टाफची ड्युटी बदलते, गेटवर कोणी नसतं, हे होमवाल्यांना ठणकावून विचार. "तुम्ही रिटायर झालात" असं समजावत बसू नका, ते जास्तच चिडतात. साडेतीनला चहा द्या, बाथरूमला नेऊन आणा, मग हात धरून आवारात फेऱ्या. आमच्याकडे एक पोस्टमन होते, त्यांना जुनी पाकिटं लावायला द्यायचो, तासभर शांत बसायचे.

डिचोलीकर:
आमच्या आईच्या वेळी दार भिंतीच्याच रंगाने रंगवलं, दार उघडलं की वाजणारी बेल लावली, खूप फरक पडला. कपड्यांना आतून नाव-फोन नंबर शिवा. माणूस कुठे आहे ते दाखवणारं जीपीएस यंत्रही चालतं पण रोज चार्ज करायला हवं. आणि परत गेलेच तर २४ तास थांबायचं वगैरे काही नसतं, लगेच ११२ ला फोन करा, तोवर आधी होममधल्याच खोल्या, बाथरूम बघा आणि लगोलग विहीर, ओहोळ, नदीची बाजू.

फोंड्याची लेक:
उद्याच जाते. घरात त्यांची जुनी वही आणि कार्बन पेपर सापडलाय, ट्रिप लिहायला देते. फोटो वॉचमनकडे देऊन ठेवू ना?

डिचोलीकर:
हो, आणि संध्याकाळच्या पोदेरालाही, म्हणजे पाववाल्यालाही द्या, तो सायकलवरून सगळी वस्ती फिरतो.