दोन महिने लोहाची गोळी, तरी हिमोग्लोबिन हलेना

अबोली:
वहिनीचं (वय ३६) हिमोग्लोबिन ९.१ होतं. दोन महिने रोज लोहाची गोळी चालू आहे, परवा तपासलं तर ९.४. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी. मग चहा-बिस्किटासोबत लोह आणि कॅल्शियम एकदमच. पोट साफ होत नाही म्हणून मधूनच लोह चुकतं. बीट, गूळ, खजूर भरपूर. गोळी बदलावी की सलाईनमधून लोह घ्यावं?

रक्तपेढी:
आधी वेळ बदला, गोळी नंतर. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि कॅल्शियमही शोषण अडवतं, म्हणजे निम्मी गोळी वायाच. शिवाय थायरॉईडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब हवं, नाहीतर तीही नीट लागू पडत नाही आणि टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) वाढलेला दिसतो.

पहाटे सहाला थायरॉईड, सातला चहा-नाश्ता, अकराला लोह लिंबूपाण्यासोबत, रात्री जेवणानंतर कॅल्शियम. अकराच्या गोळीनंतर तासभर चहा नाही. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. जठरातलं आम्ल कमी झालं की लोह कमी शोषलं जातं.

चुकण्यावर उपाय: मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. शोषण थोडं घटतं, पण न घेण्यापेक्षा बरं. दिवसाआड घेण्याबद्दलही विचारा. एका डोसनंतर हेपसिडिन (लोहाचं शोषण आवरणारं शरीरातलं संप्रेरक) वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं. शौच काळसर होणं अपेक्षितच आहे. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची झाली तर मात्र दाखवा.

सुईण_आजी:
पाकीट उलटून वाचा. 'फेरस सल्फेट २०० मिग्रॅ' म्हणजे प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिग्रॅ. सरकारी गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदर नसलेल्या बाईला ती आठवड्याला एक देतात, ती प्रतिबंधासाठी. ९.१ वर तेवढ्याने भागत नाही. हा घोळ फार होतो.

आणि गळती कुठे आहे ते पाहिलं का? पाळी सात दिवसांच्या वर, दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, यातलं काही असेल तर सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ आधी. नळ उघडा ठेवून टाकी भरत नाही.

अबोली:
पाळी आठ दिवस असते आणि गाठीही जातात. ते 'असतंच' म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आणि गूळ-बीटाचं काय?

रक्तपेढी:
मग सोनोग्राफी याच आठवड्यात. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करा, पण तापात किंवा सर्दी-खोकल्यात नको, तेव्हा ते उगाच जास्त येतं. सीबीसीत (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत) एमसीव्हीला (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) आरबीसीच्या (तांबड्या पेशींची संख्या, दशलक्षांत) आकड्याने भागा. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) शंका घ्यावी आणि एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, या दोषात वाढतो) तपासावं. लोह कमी असताना ए२ खोटं कमी येऊ शकतं, म्हणून डॉक्टर कधी लोह भरून मग तपासतात.

बीट रंगापुरतं. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात फार तर अर्धा मिलिग्रॅम लोह. त्यापेक्षा भिजवलेले अळीव लिंबू पिळून, मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, सोबत पेरू किंवा आवळा. खात असतील तर कलेजी, मटण. आमसुलाची आमटी लोखंडी कढईत करा, पण झाली की लगेच काढून घ्या, नाहीतर काळी आणि कडसर होते.

वेळा पाळून चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. किमान एक ग्रॅम वाढायला हवं. तेवढंही नाही वाढलं किंवा गोळी सोसतच नसेल, तर सलाईनचा विचार. बाराच्या वर गेलं तरी आणखी तीन महिने गोळी चालू, साठा तेव्हा भरतो. घरात लहान मूल असेल तर डबी कुलपात. मुलांनी गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं.