चार वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘तूच काढून दे’

रावपुऱ्याची आई
नमस्कार. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. पूर्वी पाटीवर, फरशीवर, जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर तो मनसोक्त गिरगटत असे. बालवर्गातून आता छापील चित्रांच्या झेरॉक्स येतात. त्यांत आंबा पिवळाच आणि झाड हिरवेच रंगवायचे असते, आणि रंग रेघेबाहेर गेला की तिथे लाल पेनाने गोल केलेला असतो. हल्ली कोरा कागद पुढे ठेवला, की तो खडू माझ्या हातात देऊन ‘आई, तूच काढून दे’ म्हणतो. सासूबाईंच्या मते त्याला चित्रकलेच्या क्लासला घालावे; पण मी पाहून आले त्या क्लासमध्ये सर फळ्यावर मोर काढतात आणि मुले तो उतरवून घेतात. घरी काय करावे? त्याने मागितले, तर चित्र काढून द्यावे का?

निवृत्त बालवाडी शिक्षिका, वडोदरा
ताई, काढून देऊ नका. तुमचा सफाईदार हत्ती एकदा कागदावर उतरला, की त्याला स्वतःचा हत्ती पसंत पडत नाही. त्याऐवजी ‘हत्तीचे तुला काय आठवते?’ असे विचारा, आणि तो ‘सोंड’ म्हणाला, तर नुसती सोंड काढू द्या. या वयातल्या मुलांचा माणूस म्हणजे बहुधा एक मोठा गोल आणि त्यालाच फुटलेले दोन पाय. धड नसते आणि हात असलेच तर डोक्यातून निघतात. हा वाढीतला एक टप्पा आहे, तेव्हा त्याला धड जोडून देण्याच्या फंदात पडू नये.

साहित्य थोडेच ठेवा. जमिनीवर चिकटवलेला मोठा कागद, जाड ब्रश आणि एका वेळी दोन रंग पुरतात. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, गच्चीवर पडलेल्या पतंगांचा कागद, मांजा आणि कामट्या काढून टाकल्यावर, फाडून चिकटवायला फार छान. हळदीच्या पाण्याने रंगवून वाळवलेल्या कागदावर खायच्या सोड्याचे पाणी ब्रशने फिरवले, की तांबूस रेघ उमटते, आणि पुढे काय करायचे ते मूलच ठरवते. आपल्या प्रांताला हा विचार नवा नाही: गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी होत्या, आणि बक्षीस व शिक्षा या दोन्हींना गिजुभाईंचा विरोध होता.

दांडिया बाजारचे आजोबा
मला हे सगळे पटत नाही. गाण्यात सूर घोटून घेतात, तसा चित्रातही हात घोटावाच लागतो. मुलाला मोकळे सोडले आणि वर कौतुकही करायचे नाही, तर ते शिकणार कशाने?

ललित कलेची माजी विद्यार्थिनी
आजोबा, हात घोटायला माझाही विरोध नाही. मी सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात तेच करत होते. प्रश्न वयाचा आहे. साधारण नऊव्या वर्षाच्या आसपास चित्र ‘खऱ्यासारखे’ दिसावे असे मुलांना आपणहून वाटू लागते, आणि तेव्हा शिकवलेले तंत्र अंगी लागते. कौतुकाबद्दल म्हणाल, तर १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे ज्या मुलांना आधी सांगितले होते, ती पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली; न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणून ‘वा, सुंदर!’ यापेक्षा ‘इथे तू निळ्यावर पिवळा घासलास’ एवढेच म्हणावे. ‘हे काय काढलेस?’ हा प्रश्न तर टाळावाच, कारण पुष्कळदा मुलाने काहीच ‘काढलेले’ नसते. तो ब्रश कसा चालतो ते पाहत असतो. आणि ताई, झेरॉक्सच्या मागची बाजू कोरी असते, ती त्याच्या मालकीची करून टाका.

रावपुऱ्याची आई
आभार. क्लास सध्या थांबवते. सासूबाईंना आजोबांचे उत्तर दाखवणार नाही. सोड्याचे प्रमाण सांगाल का?

निवृत्त बालवाडी शिक्षिका, वडोदरा
पाव वाटी कोमट पाण्यात एक लहान चमचा. चुन्याची निवळी वापरू नका, डोळ्यांत गेली तर इजा होते. कपडे जुने घाला आणि कागद सावलीत वाळवा, कारण हळद उन्हाने फिकी पडते.