मदत हवी आहे: बंगाली कारागिराला ‘बांगलादेशी’ म्हणून नेलंय, हद्दपारी कशी थांबवायची?

कोल्हापुरात गुजरीत सोनारकाम करणारा कारागीर, मूळचा मुर्शिदाबादचा, जन्म १९८५. काल रात्री चौकशीला नेलाय. आधार, पॅन ‘चालत नाही’ म्हणतात. थेट सीमेवर नेऊन सोडतील अशी घरच्यांना भीती आहे. कोर्टासाठी मुंबई गाठायला लागणार का?

प्रतिसाद १
मुंबई कशाला? ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (शाखा) इथं कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच आहे.

आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: अटक आहे की नुसती चौकशी, किती वाजता नेलं, कारण काय. अटक असेल तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. केलं नाही तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका. नातेवाईक किंवा मित्रही दाखल करू शकतो. त्यातच ‘कोर्टाच्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेऊ नये’ असा अंतरिम आदेश मागा. ही मागणी हमखास राहून जाते, आणि माणूस एकदा सीमेपलीकडे गेला की परत आणणं महाकठीण. मॅजिस्ट्रेटनं कोठडी दिली असेल तर मात्र हेबिअस सहसा टिकत नाही. मग जामीन आणि वेगळी रिट याचिका.

आधारबद्दल ते बरोबर बोलतायत, तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. पण १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला एवढं दाखवलं की पुरे, आईवडिलांचं नागरिकत्व शाबीत करावं लागत नाही. जन्मदाखला, जन्मस्थळ असलेला शाळेचा दाखला गावाकडून मागवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, सगळं तिथंच अडतं.

प्रतिसाद २
परदेशी नागरिकांबद्दलच्या २०२५ च्या नव्या कायद्यातही आपण परदेशी नाही हे शाबीत करायचं ओझं त्याच्यावरच आहे. तरी नुसत्या संशयावर भागत नाही, आधी काहीतरी प्राथमिक पुरावा लागतो, असं सुप्रीम कोर्टानं आसामच्या प्रकरणात ११ जुलै २०२४ ला सांगितलंय.

धागाकर्ता
आंतरराष्ट्रीय कायदा लावता येईल का?

प्रतिसाद २
जपून. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १३ परदेशी माणसाच्या हद्दपारीबद्दल, त्यावरही भारतानं आपला हक्क राखून ठेवलाय. शिवाय निर्वासितांचे दाखले घातले की आपणच त्याला परदेशी ठरवल्यासारखं होतं! त्याच कराराचं कलम १२(४) घ्या: स्वतःच्या देशात येण्याचा हक्क मनमानीनं काढता येत नाही. मुख्य भर आपल्या घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ई) (देशात कुठंही राहण्याचा हक्क) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्याचा हक्क) वर.

धागाकर्ता
अर्जावर आवक शिक्का द्यायला तयार नाहीत.

प्रतिसाद १
लगेच एसपींना ई-मेल करा, मागोमाग स्पीड पोस्ट. पावती याचिकेला जोडा. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.