नागिणीच्या लशीत झाडाची साल? आईला देऊ का? (शनिवारच्या आत सांगा)

पमा_डोंबिवली: आईची नागिणीची लस शनिवारी आहे. भावाने खोक्यातला कागद वाचला, त्यात कुठल्याशा साबणाच्या झाडाच्या सालीचा अर्क आहे. आईला रिठा चालत नाही! द्यायची की नाही, एवढंच सांगा. प्रवचन नको, गूगल मीपण केलंय.

बंडू_कट्टेकर: चालत नाही म्हणजे? पोटात घेतात का?

पमा_डोंबिवली: केसांना हो! रिठा कोण खातं?

माई६२: नुसत्या शिंका येतात, की अंगावर गांधी उठतात? ओठ सुजणं, दम लागणं? वय किती? नागीण आधी होऊन गेलीय का?

काढा_घ्या: लस कशाला? गुळवेल घ्या, रोज सकाळी. आमच्या घरी चार पिढ्यांत कुणाला नागीण नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर: लशींच्या कामात आहे, डॉक्टर नाही. ते झाड क्विलाया, चिली देशातलं. त्याची साल पाण्यात घुसळली की फेस येतो, तिथले लोक पूर्वीपासून साबणासारखी वापरतात. तिच्यातल्या सॅपोनिनचा (फेस आणणाऱ्या द्रव्याचा) एक शुद्ध केलेला भाग म्हणजे क्यूएस-२१. या लशीत अख्खा विषाणू नसतोच, त्याचं एकच प्रथिन असतं. ते नुसतं टोचलं तर शरीर फारसं मनावर घेत नाही, म्हणून जोडीला हा अर्क आणि एका जिवाणूपासून काढलेला दुसरा घटक. दोन्ही ५०-५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. सॅपोनिन एकटं सोडलं तर तांबड्या पेशी फोडतं, म्हणून ते कोलेस्टेरॉल घातलेल्या चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवतात. रिठ्यातही सॅपोनिनच, पण झाडाचं कूळ वेगळं. रिठ्याची पूड नाकात गेली तर कुणालाही शिंका येतील, ती अ‍ॅलर्जीच असेल असं नाही.

काढा_घ्या: म्हणजे शेवटी वनस्पतीच ना! मग गुळवेलीने काय घोडं मारलंय?

प्रयोगशाळेतला_उंदीर: हा अर्क सरसकट 'प्रतिकारशक्ती वाढवत' नाही. सोबत टोचलेल्या प्रथिनाकडे शरीराचं लक्ष वेधतो, बस. काढा कुठल्या विषाणूकडे बोट दाखवतो?

बंडू_कट्टेकर: शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं.

काढा_घ्या: आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं होतं, तेही सांगा की. अर्धवट माहिती पसरवू नका.

सातारी_तडका: कोव्हिडच्या कोव्होव्हॅक्स लशीत हेच झाड होतं का? मी दोन डोस घेतलेत.

प्रयोगशाळेतला_उंदीर: हो, त्यातला मॅट्रिक्स-एम हा जोडीचा घटक याच झाडाच्या सॅपोनिनचा. पुण्यात सीरममध्ये बनणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीतही तोच. तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली.

सातारी_तडका: आणि त्यासाठी चिलीतली झाडं सोलत बसायची?

प्रयोगशाळेतला_उंदीर: २०२४ मध्ये यीस्टकडून क्यूएस-२१ बनवून घेतलंय. पण कारखान्याच्या प्रमाणात व्हायला वेळ आहे.

माई६२: अहो, पमाताई आहेत का? मी काहीतरी विचारलं होतं.

पमा_डोंबिवली: ऑफिसात होते. वय ६४. रिठ्याने शिंका आणि डोळे चुरचुरणं, बाकी काही नाही. नागीण गेल्या गणपतीत झाली होती, डाव्या बरगडीखाली. शेजारच्या काकूंनी गेरू लावला, वर विळखा पुरा झाला की माणूस जातो म्हणून आईला घाबरवून सोडलं. पहिल्या डोसानंतर दोन दिवस ताप होता आणि हात वर होत नव्हता, म्हणून तर भावाने कागद वाचला.

माई६२: पहिला डोस??? शनिवारी दुसरा आहे?

पमा_डोंबिवली: हो. लिहिलं नव्हतं का?

माई६२: नाही हो बाई! सालीचा अर्क पहिल्या डोसातही होताच. गांधी, सूज, श्वासाचा त्रास काही झालं नाही ना? ताप आणि हातदुखी या लशीत नेहमीची. मलाही झाली, भांडी घासायला यांना बसवलं. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांच्या आत घ्यायचा असतो. डॉक्टरांना रिठ्याचं आधी सांगा, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा. आणि नागीण एका नसेच्या पट्ट्यात, एकाच बाजूला येते. विळखा कुठला पुरा होतोय!

पमा_डोंबिवली: डॉक्टरांना फोन केला. तेही हेच म्हणाले, पण तुमच्याइतके ओरडले नाहीत. शनिवारी नेते.

सातारी_तडका: रिठ्याचा विषय निघालाच आहे तर, साताऱ्यात अख्खा रिठा कुठे मिळेल? पूड नकोय, भेसळ असते.

काढा_घ्या: व्यनि करा. गुळवेलही आहे.