किराणा दुकानाच्या दारात पहिलं काय दिसतं?

रानमेवा: आमच्या वस्तीत चार किराणा दुकानं आहेत. चारही दारांत पाच रुपयांच्या वेफर्सच्या माळा. फुटाणे, शेंगदाणे, गूळ मागच्या फळीवर, डब्यात बंद. पोर पाचचं नाणं घेऊन येतं आणि समोर दिसतं तेच मागतं. मंडई लांब, रिक्षाच भाजीच्या भावात पडते. दुकानदारांनी फुटाण्या-शेंगदाण्यांच्या पुड्या बांधून दारात टांगाव्यात, सोबत अंडी, केळी ठेवावीत.

गल्ल्यावरचा: माझं स्वतःचं दुकान आहे, म्हणून बोलतो. वेफर्सवाला सेल्समन दर आठवड्याला येतो, माल उधार देतो, तारीख उलटलेली पाकिटं बदलून देतो. केळी दोन दिवसांत काळी पडतात, ती कोण बदलून देणार? बाजरीचं पीठ ठेवलं तर कडू होतं. इथे निम्मी गिऱ्हाइकं महिनाअखेरपर्यंत वहीवर असतात.

रानमेवा: केळ्यांचं पटलं. पण फुटाणे कुठे नासतात?

गल्ल्यावरचा: नासत नाहीत, पण खपतही नाहीत. तीन महिने बरणी पुढे ठेवून पाहिली. पोरं वेफर्सच मागतात.

भाकरतुकडा: तुम्ही दोघं रेशन विसरताय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही आहे, तेव्हा रुपया किलोनं ठरलेलं. २०२३ पासून तर धान्य मोफतच. तेच संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष, पण त्या वर्षीही आमच्या कार्डावर गहू-तांदूळच आले. आधी रेशनवर ज्वारी, बाजरी नियमित द्या. आधीच मेटाकुटीला आलेल्या दुकानदाराला का धरता?

गिरणीजवळची: ज्वारी येईल तेव्हा येईल. मी चार घरची कामं उरकून रात्री आठला परतते. रेशन बंद, मंडई उठलेली. उघडं असतं ते कोपऱ्यावरचं दुकान. तिथे शंभर ग्रॅम मूगही सुटे मिळतात, म्हणून घरात उसळ होते. टोमॅटो, मिरची, लिंबं तो आधी ठेवत नव्हता. आम्ही सहाजणींनी सांगितलं, रोज घेऊ. तेव्हापासून ठेवतो.

भाकरतुकडा: सहाजणींच्या शब्दावर एक दुकान चालेल. पण उद्या त्यातल्या तिघी खोली सोडून गेल्या तर? अशा भरवशावर वस्तीचं पोट भरत नाही.

गल्ल्यावरचा: ताई, उरलेल्या टोमॅटोंचं तो काय करतो?

गिरणीजवळची: नऊनंतर निम्म्या भावात देतो. सकाळी टोपली रिकामी असते.

गल्ल्यावरचा: अंडी आणि टोमॅटो महिनाभर ठेवून बघतो. केळ्यांचं मात्र मला सांगू नका.