हायस्कूलच्या गाडीची यादी आणि आपली वरची वस्ती (भावकी ग्रुप)

थोरल्या वहिनी: सगळ्यांनी जरा इकडं लक्ष द्या. हायस्कूलच्या गाडीची कच्ची यादी काल लागलीय. सीट ३२ आणि नावं ५० च्या आसपास, त्यात आपल्या वरच्या वस्तीतली दोनच पोरं आत घेतलीत, बाकी सगळी वेटिंगला. शनिवारी पालकांची मीटिंग आहे त्याच्या आधी आपलं काय म्हणणं ते ठरवूया, नंतर बोलून उपयोग नाही

बापू: पैसे आधी भरले त्यांना आधी सीट असं ऐकलं मी

थोरल्या वहिनी: नाही ओ बापू, अंतर बघितलंय म्हणतात. पण अंतर मोजलंय फाट्यापासनं. फाटा ते शाळा ६ किलोमीटर, म्हणजे फाट्यावरचं पोरगं पण ६ आणि आपली पोरं पण ६. घरातनं निघून पाणंदीनं खाली उतरून ओढा ओलांडून फाट्यावर यायला पाऊण तास जातो तो कुठं धरलाच नाही. जुलैमधी आपल्या पाटण तालुक्यात पाऊस कसा पडतो ते कुणाला सांगायला नको

दादा (मुंबई): हे चुकीचंय. फाट्यावरच्यांना एसटी मिळते, वडापची जीप मिळते, वरच्यांना काय मिळतं? वरच्यांनाच आधी सीट पाहिजे

काकी (फाटा): दादा तू मुंबईत बसून बोलतोस म्हणून सांगते. आमची पोरं फाट्यावर राहतात म्हणजे काय उडत जात नाहीत शाळंत. सकाळी एकदा येऊन बघ. एसटी आधीच भरून येती, पोरांचा घोळका दिसला की डायवर पुढं नेऊन थांबवतो नाहीतर थांबवतच नाही. पोरगी पास गळ्यात अडकवून उभी असती आणि तिच्या डोळ्यादेखत गाडी जाती. वडापला रोजचे पैसे घालायचे आणि मागं लोंबकळत पाठवायचं, मला नाही पाठवायचं तसं

ताई (कराड): काकी तुमचं बरोबर आहे, तो पास म्हणजे सीट नव्हे हे लोकांना कळत नाही. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो, आणि जून २०२४ पासनं एसटीनं पास शाळेतच द्यायला सुरुवात केली त्यामुळं स्टँडवर लाईन लावायचा त्रास गेला. पण हे सगळं भाड्याचं झालं. गाडीत जागा पाहिजे आणि गाडी थांबली पाहिजे, त्यासाठी वेगळं भांडावं लागतं

काकी (फाटा): तेच म्हणते मी. आमच्यात आणि वरच्यांच्यात भांडण कशाला लावताय

आबा: भांडण कोण लावत न्हाई. पण सुनबाई एक बघ, तुझी पोरगी फाट्यावर उभी राहते ती घराच्या दारात. वरची पोरगी तिथं यायलाच अर्धी दमती. दोन्ही खरं हाय

बापू: माझा एक साधा प्रश्न आहे. गाडी आमच्या छोटीच्या इंग्लिश मीडियम वरनंच जाते, ती तिसरीला आहे, एक सीट दिली तर काय बिघडतं? मी पूर्ण पैसे भरायला तयार आहे, अर्धे पण नकोत

ताई (कराड): बापू राग मानू नका, मी जिल्हा परिषद शाळेवर आहे म्हणून बोलते असं पण समजू नका. आपल्या वाडीत चौथीपर्यंत शाळा आहे, चालत पाच मिनिटं. तिसरीच्या पोरीला ती सोडून लांबच्या शाळेत घालायचं हा तुमचा निर्णय, त्यात चूक काही नाही, पण त्याची सोय बाकीच्यांच्या सीटवर नको. पाचवीत गेलेल्या पोराला असा निर्णयच नाही, त्याला वाडीत शाळाच नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचे आपल्या राज्याचे नियम २०११ चे, त्यात पाचवीपर्यंत १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे असं आहे. तेवढ्यात शाळा नसेल त्या वस्तीतल्या पोरांसाठी समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून वाहतुकीचा खर्च मिळू शकतो, पोरामागं वर्षाला ६००० रुपयांपर्यंत. म्हणजे सरकार पण आधी विचारतं की जवळ शाळा होती का नव्हती

बापू: म्हणजे पैसे देणाऱ्याला काय किंमतच नाही

ताई (कराड): सगळी पोरं बसून सीट उरली तर द्या की, कोण नाही म्हणतंय. पण आधी नाही

दादा (मुंबई): ते ६००० आपल्या पोरांना मिळतात का मग?

ताई (कराड): आपोआप नाही मिळत. आपल्या वस्तीचं नाव शाळा नसलेल्या वस्त्यांमधी लागलं पाहिजे, मुख्याध्यापकांनी पोरांची नावं केंद्रप्रमुखांकडं आणि तिथनं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायला पाहिजेत. वहिनी, आपल्या वस्तीचं नाव गेलंय का ते शनिवारी स्पष्ट विचारा. आणि आरटीई आठवीपर्यंतच आहे, नववी दहावीच्या पोरांना तो लागत नाही, त्यांची सगळी भिस्त एसटीवर आणि ह्या गाडीवर

मधली वहिनी: मग दहावीच्यांना आधी घ्या ना, वर्ष महत्त्वाचं असतं त्यांचं

थोरल्या वहिनी: मला नाही पटत. दहावीचं पोरगं ओढ्याला पाणी असलं तर थांबतं, मागं फिरतं, हाक मारतं. पाचवीचं दहा वर्षांचं पोर तिथं काय करणार. माझा धाकटा यंदा पाचवीला गेलाय म्हणून म्हणत नाही, वरच्या वस्तीत असली चार पोरं आहेत आणि ती चारही वेटिंगला आहेत. रोज सकाळी एक आई सगळ्यांना खाली सोडायला जाते आणि मग रानात जाते, तिचा अर्धा दिवस त्यातच

आबा: लहानग्यांना आधी. आणि ते आपल्या खालच्या आळीतलं पोरगं ज्याच्या पायाला त्रास हाय त्याला तर यादीत नंबरच नको, त्याची सीट पक्की धरायची, दाराजवळची

ताई (कराड): आबा अगदी बरोबर. दिव्यांग पोरांसाठी प्रवास आणि मदतनीस भत्ता वेगळा असतो, त्याच्या आईनं अर्ज केलाय का विचारा कुणीतरी

मधली वहिनी: लहान पोरं तीन तीन बसवली तर सगळी मावतील की ओ, एवढं काय त्यात

ताई (कराड): वहिनी नको. घाटातली वळणं आहेत, गाडीचं पासिंग जेवढ्याचं तेवढीच पोरं बसली पाहिजेत. कुणी दाटीवाटीनं बसवा म्हणालं तर मी तिथं येऊन विरोध करणार, हे आधीच सांगते. त्यापेक्षा सकाळची आणि संध्याकाळची यादी वेगळी करायला सांगा. दहावीचे जादा तास सुरू झाले की ती पोरं संध्याकाळी ह्या गाडीनं येतच नाहीत, त्यांच्या सीट मोकळ्या येतात आणि वेटिंगवालं पोरगं चालत येतं. सीट नावावर अडवून मोटरसायकलवर जाणारे पण असतात. जो सलग आठवडाभर आला नाही त्याला फोन करून विचारायचं आणि नको असेल तर पुढच्याला द्यायची

बापू: हे मान्य आहे. पण हे ठरवणार कोण, गाडीवाला का क्लार्क?

ताई (कराड): दोघंपण नाही. २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणं प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, पोलीस आणि आरटीओची माणसं असतात. भाडं आणि थांबे बघणं हे त्या समितीचं काम. म्हणजे थांबा फाट्यावरच का, वरच्या मंदिरापर्यंत गाडी का येत नाही, हे विचारायची जागा तीच

दादा (मुंबई): मी गुगल मॅपवर अंतर काढून पाठवू का

आबा: त्यात पाणंद दिसत न्हाई बाबा. डांबरीनं फिरून दाखवतंय न्हायतर सरळ रेघ मारतंय. चालायची वाट मोजा, दारापासनं शाळंपर्यंत. ग्रामपंचायतीकडनं लिहून घ्या किती भरतंय ते, सरपंचाला मी सांगतो

काकी (फाटा): अंतर दारापासनं मोजा, माझी हरकत नाही. पण त्याच बैठकीत एसटीचा पण ठराव घ्या. सकाळच्या फेरीला आमच्या फाट्यावर गाडी थांबलीच पाहिजे म्हणून आगार व्यवस्थापकांना पत्र, सोबत शाळेचं पत्र, पासवाल्या पोरांची संख्या आणि शाळा भरायची सुटायची वेळ. नुसत्या फोननं काय होत नाही, मी करून बघितलंय. तेवढं झालं तर फाट्यावरची निम्मी पोरं एसटीनं जातील आणि तुमच्या सीट आपोआप सुटतील

थोरल्या वहिनी: काकी हे तर पहिलं घालूया. गाडी न थांबता गेली की तारीख, वेळ, गाडीचा नंबर वहीत लिहायला सांगा पोरींना, पत्राला जोडता येईल. आगारानं ऐकलं नाही तर विभाग नियंत्रकांकडं

काकी (फाटा): लिहिते मी उद्यापासनं. आणि आमच्या थोरलीचे जादा तास सुरू झालेत, तिचे बाबा तिला आणतात, तिची संध्याकाळची सीट वरच्या पाचवीतल्या कुणाला तरी द्या. सकाळची मात्र सोडणार नाही

थोरल्या वहिनी: चालेल काकी, सकाळची सोडूच नका. बापू ठरावाचा कागद तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलंय. वरच्या वस्तीतल्या प्रत्येकानं पोराचं नाव, इयत्ता आणि घरातनं फाट्यापर्यंत चालायला लागणारा वेळ इथंच टाका, शुक्रवारी रात्रीपर्यंत. ज्यांचं येणार नाही त्यांच्या घरी मी जाऊन विचारते

बापू: लिहितो. छोटीचं नाव शेवटी टाकतो, उरली सीट तर

ताई (कराड): टाका बापू. शनिवारी मी पहिल्या गाडीनं येते, नियमांची झेरॉक्स आणते दोन प्रती