लेसरने केसाची जाडी मोजताना उत्तर निम्मंच येतंय

कवडसा: लाल लेसर पॉइंटरच्या झोतात केस उभा ताणून धरलाय, केसापासून भिंत ३ मीटर. भिंतीवर आडवी, तुटक रेघ छान उमटते. मधला ठळक पट्टा ५.२ सेंमी रुंद आहे. पॉइंटरवर तरंगलांबी (प्रकाशाच्या एका लाटेची लांबी) ६३०–६८० नॅनोमीटर छापलीय, म्हणून ६५० धरले. जाडी ३७.५ मायक्रोमीटर येते, पण स्क्रू गेज (बारीक जाडी मोजायचं उपकरण) त्याच केसाला ०.०७ ते ०.०८ मिमी दाखवतो. शिवाय फॉइलवर ब्लेडने पाडलेल्या दोन चिरांमधून व्यतिकरणाचे (दोन्हीकडचा प्रकाश एकमेकांत मिसळून उमटणारे) पट्टे दिसतच नाहीत, नुसता फिसकटलेला ठिपका. कुठे चुकतंय?

अर्धछाया: स्क्रू गेजचं बरोबर आहे. विवर्तनात (अडथळ्याच्या कडेला प्रकाश वळून पसरतो त्यात) मधला पट्टा बाकीच्यांच्या दुप्पट रुंद असतो. सूत्रात लागोपाठच्या दोन काळ्या जागांमधलं अंतर घालायचं, म्हणजे इथे २.६ सेंमी. ६५० नॅनोमीटर × ३ मीटर ÷ २.६ सेंमी = ७५ मायक्रोमीटर.

खरं तर मधला पट्टा मोजूच नये. केसाला न अडलेला झोतही तिथेच पडतो आणि कडा कळत नाही. तो काळ्या कागदाने झाका. डावीकडची पाचवी काळी जागा ते उजवीकडची पाचवी असं मोजा. त्यात १० अंतरं येतात, तुमच्या बाबतीत सुमारे २६ सेंमी. मग २ मिमी इकडेतिकडे झालं तरी चूक एक टक्क्याच्या आत राहते. अंधारात कागदावर पेन्सिलने खुणा करा, पट्टी नंतर दिवा लावून धरा. आणि ३ मीटर हे केसापासूनच, लेसरपासून नाही.

कवडसा: ६५० हा आकडा तरी खरा का?

खाचखळगे: सीडीवर तपासा. तिच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. कार्डाला भोक पाडून त्यातून लेसर ३० सेंमीवरच्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टाका. मधला ठिपका परत भोकावर आला की सीडी काटकोनात आहे. बाजूचा पहिला ठिपका भोकापासून १३.३ सेंमीवर पडला तर तरंगलांबी सुमारे ६५०.

इथे १३.३ ला ३० ने भागून थेट १.६ ने गुणू नका, ७०९ येईल. कोन २४ अंशांच्या आसपास आहे, तेव्हा भागाकार म्हणजे कोनाचा टॅन, त्यावरून आधी कोन काढा आणि मग त्याचा साइन घ्या. डीव्हीडीचं अंतर ०.७४, ठिपका ६१ अंशांवर जातो. कार्ड मोठं लागेल. उलटा येणारा झोत डोळ्यांच्या पातळीवर नको, पॉइंटरही १ मिलिवॉटच्या आतलाच घ्या.

अर्धछाया: आता चिरा. हाताने पाडलेल्या चिरा एकमेकींपासून सहज १ मिमी लांब पडतात. तेवढ्या अंतरावर ३ मीटरवरचे पट्टे जेमतेम २ मिमीचे, ते ठिपक्यातच बुडतात. फॉइल फाटून कडा दातेरी होतात ते वेगळंच. काचेवर काळ्या रंगाचा पातळ थर द्या, दाढीची दोन पाती एकमेकांना चिकटवून पट्टीच्या आधाराने एकदाच हलकेच ओढा. पात्याची जाडी ०.१ मिमीच्या आसपास, त्यामुळे पट्टे २ सेंमीच्या घरात येतील. झोत दोन्ही चिरांवर एकाच वेळी पडायला हवा.

व्यतिकरण दाखवणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०३ मध्ये मांडलेल्या प्रयोगात चिरा नव्हत्याच: सूर्याच्या बारीक झोतात सुमारे १/३० इंच रुंदीची कार्डाची पट्टी होती. एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे जात. तुम्हीही एक चीर झाका. बारीक पट्टे नाहीसे होऊन रुंद पट्टा उरला, तर ते व्यतिकरणाचेच. काहीच बदललं नाही, तर झोत एकाच चिरेतून जातोय.